बाळंतपणाच्या क्लासला नवऱ्यानेही जायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय

रानजाई
माझी मुलगी आता सात महिन्यांची आहे. ती पोटात असताना आठव्या महिन्यापासून आम्ही दोघं पुण्यात दर शनिवारी क्लासला जायचो, एकूण सहा शनिवार. घरात त्यावरून बरीच कुरबुर झाली, सासूबाई म्हणाल्या की बाळंतपण बाईचं, पुरुषाचं तिथं काय काम, आणि आईला वाईट वाटलं कारण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असं तिच्या मनात होतं (शेवटी आईच आमच्याकडे येऊन राहिली). तरी मी आज सांगते, त्या क्लासचा जितका उपयोग मला झाला त्याच्या दुप्पट नवऱ्याला झाला आणि त्याचा उपयोग पुन्हा मलाच झाला.

क्लासमध्ये एक गोष्ट करून घेतली होती, मुठीत बर्फाचा खडा एक मिनिट धरून ठेवायचा. पहिल्यांदा नुसता धरायचा, मग श्वास सोडण्याकडे लक्ष देऊन धरायचा. खडा तोच, हात तोच, पण दुसऱ्या वेळी मिनिट सरतं. कळ साधारण मिनिटभराचीच असते आणि मधे सुटका असते हे तेव्हा डोक्यात बसलं. १९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी हेच मांडलं होतं, की भीतीने अंग आखडतं, अंग आखडलं की जास्त दुखतं आणि जास्त दुखलं की भीती वाढते. पुढे १९५१ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर लामाझ सोव्हिएत रशियात जाऊन तिथली पद्धत बघून आले आणि त्यांच्या नावाने श्वासाचे व्यायाम जगभर गेले.

माझ्या कळा रात्री अकराला सुरू झाल्या. पहाटे चारला कमरेत अशी कळ यायची की मला वाटायचं हाड सुटतंय. नवरा तळहाताने कमरेखाली दाबून धरायचा, दाब जरा कमी झाला की मी ओरडायचे "सोडू नको". दुपारी एकला बाळ झालं, तोपर्यंत त्याच्या मनगटाला सूज आली होती. नुसतं "धीर धर" म्हणणारं माणूस मला तेव्हा नको होतं, काय करायचं ते माहीत असणारं माणूस हवं होतं. तुमचं काय मत?

दुसरीच_बाजू
अभिनंदन, पण मी मनापासून विरोध करणार आहे. मीही असाच क्लास केला होता, नवऱ्यासकट. तिथे प्रत्येक वेळी "शरीराला सगळं माहीत असतं, तुम्ही फक्त विश्वास ठेवा" हे ऐकून ऐकून माझा इतका विश्वास बसला की काही वेगळं होऊ शकतं हा विचारच डोक्यात आला नाही. एकोणीस तास कळा दिल्या, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटीमीटरवर अडलं ते अडलंच, बाळाचे ठोके पडायला लागले आणि मला धावत नेऊन सीझर केलं. बाळ सुखरूप. पण मी पुढचे चार महिने रडत होते, कारण क्लासच्या ग्रुपवर एकेकीचं "नॉर्मल झालं, थँक्यू मॅडम" येत होतं आणि मी काय लिहू? माझा श्वास चुकला? माझी भीती जास्त होती? त्या सगळ्या शनिवारांत सीझरवर पाच मिनिटंसुद्धा कुणी बोललं नव्हतं. "नैसर्गिक" हा शब्दच मला खटकतो, मग मी केलं ते काय अनैसर्गिक होतं का?

रानजाई
तुझं वाचून पोटात तुटलं गं. आमच्याकडे एक पूर्ण शनिवार सीझरवर होता, कसं नेतात, भूल कुठे देतात, नवऱ्याने बाळाबरोबर जायचं की बायकोजवळ थांबायचं, सगळं. त्यामुळे सगळे क्लास असेच असतात असं मी धरून चालले होते. पण एक सांगते, क्लास वाईट निघाला म्हणून तयारी वाईट ठरत नाही. कॉक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१७ चा आढावा आहे, २६ अभ्यास, पंधरा हजारांवर बायका. सतत कुणीतरी सोबत असलं तर सीझर कमी होतात, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाबद्दलची कटू भावनाही कमी राहते. नवरा तयार हवा असं मी त्याचसाठी म्हणतेय.

लेबररूम_सिस्टर
मी सोळा वर्षं बाळंतपणं करतेय, तालुक्याच्या ठिकाणी. रानजाई, त्या आढाव्यात सोबत म्हणजे नवराच असं कुठे आहे? त्यात नर्स आहेत, शिकलेल्या बायका आहेत, घरचे आहेत. आमच्याकडे एका खोलीत चार टेबलं, मधे पडदे, तेही नीट लागत नाहीत. एकीचा नवरा आत घेतला तर बाकी तिघींनी काय करायचं? म्हणून आम्ही बाईमाणूस आत घेतो, आई, बहीण, जाऊ. केंद्राच्या लक्ष्य योजनेत (बाळंतपणाच्या खोल्या सुधारायची, २०१७ पासूनची) सोबतीण ठेवायला सांगितलेलंच आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तेच म्हणते.

पण आत आलेल्या बाईला काहीच माहीत नसतं हा खरा प्रश्न. तोंड चार बोटं पण उघडलेलं नसतं आणि सासू ओरडते "लाव जोर, लाव जोर". पोरगी जोर लावून लावून दमते, खाली सूज येते आणि खऱ्या जोराच्या वेळी अंगात त्राण नसतं. नाहीतर दोन तासात काही झालं नाही की बाहेरून सुरू, "किती वेळ लावताय, सीझर करून टाका". अहो पाच सेंटीमीटरपर्यंत किती वेळ लागावा याला माप नाही, २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट लिहून दिलंय, तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशोब सगळ्यांना लागू होत नाही. हे त्या आईला आणि सासूला कोण सांगणार? पुण्यातला शनिवारचा क्लास त्यांच्यासाठी नाहीच.

साताराकर
पुरुष म्हणून लिहितो, हसू नका. बायकोच्या वेळेस मी आत होतो, हौसेने गेलो होतो, क्लास वगैरे काही नाही. बाळ झाल्यावर वार लवकर पडेना आणि रक्तस्राव सुरू झाला. मला कोपऱ्यात ढकललं गेलं, कुणी काही सांगत नव्हतं, मी फक्त खाली पडलेले बोळे मोजत होतो. ती वाचली, देवाची कृपा आणि डॉक्टरांचे उपकार. पण मला कित्येक महिने झोपेत तेच दिसायचं आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सोसलं तिने, मी कसला रडतोय. म्हणून "जायलाच हवं" यातल्या "च" ला माझा विरोध आहे. ज्याला झेपत नाही त्याला बाहेर थांबू द्या, त्याचं प्रेम कमी आहे असं समजू नका.

दुसरीच_बाजू
साताराकर, हसायचं काय त्यात. माझा नवराही हे आजपर्यंत बोललेला नाही, आज विचारते त्याला.

भूलतज्ज्ञ_नागपूर
सगळी चर्चा कळा सोसायच्या कशा यावर चाललीय, सोसायच्या का यावर कुणीच बोलत नाहीये. एपिड्युरल नावाची गोष्ट आहे. पाठीत बारीक नळी घालून औषध देतो, कमरेखालचं दुखणं खूप कमी होतं, बाई शुद्धीवर असते, बोलते, बाळ स्वतः बाहेर ढकलते. त्याने सीझर वाढतं हा समज मी रोज ऐकतो आणि अभ्यासांत ते दिसलेलं नाही. शेवटचा जोराचा टप्पा थोडा लांबू शकतो, बीपी उतरू शकतं, हे मी आधी सांगतोच. पण पेशंट मागते आणि सासरचे बाहेरून म्हणतात "नको, आमच्याकडे सगळ्यांचं तसंच झालंय", हे पाहिलं की संताप येतो. दुखणं तिचं, तर निर्णय तिचा.

लेबररूम_सिस्टर
सर, पटलं, पण आमच्याकडे रात्री सीझरला भूलतज्ज्ञ बोलवायचा तर चाळीस किलोमीटरवरून येतात. कळांसाठी कोण येणार? मग आमच्या बायकांकडे उरतं काय, श्वास, चालणं, कूस बदलणं, पाठ चोळणारा हात. निदान ते तरी धड शिकवलेलं असू दे.

मायाळू_आजी
माझं वय एकाहत्तर. आमच्या गावात सुईण होती, खांबाला धरून उकिडवी बसवायची, पोटाला हात लावून बाळ कसं आहे सांगायची. हल्ली लोक म्हणतात ते किती छान होतं. माझी थोरली जाऊ तिसऱ्या खेपेला अडली, बैलगाडीतून नेताना वाटेतच गेली, बाळ पण गेलं. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म म्हणतात ते उगीच नाही. म्हणून सीझरला नावं ठेवू नका. पण नातीच्या वेळेस डॉक्टरीणबाईंनी तारीख, मुहूर्त विचारूनच सीझर ठरवलं, काही अडचण नसताना, ते पण मला आवडलं नाही.

भूलतज्ज्ञ_नागपूर
आजी दोन्ही बाजूंनी बरोबर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली आहेत आणि सरकारीतली १४.३ टक्के. अवघड केसेस कुठे जातात याने थोडा फरक पडेल, पण एवढा? हा फरक बाईच्या श्वासाने भरून निघणारा नाही, तो दवाखान्याला विचारायचा प्रश्न आहे. क्लासमध्ये हेही शिकवा, की पहिल्या भेटीतच विचारा, तुमच्याकडे नॉर्मल किती होतात, सोबत कुणाला आत घेता, खाली छेद देऊन टाके सरसकट घालता का.

रानजाई
"जायलाच हवं" हे मी मागे घेते, साताराकरांसाठी. नवऱ्याला आत जायचं नसेल तरी शिकून घ्यायला हवं एवढं मात्र मी धरून राहणार. कारण रात्री अकरापासून दवाखान्यात पोचेपर्यंत घरात तोच असतो.

मिरजेचा_जावई
तीन दिवस नुसता वाचतोय, आता विचारतोच. बायकोला चौतिसावा आठवडा आहे, ती मिरजेला माहेरी, मी पुण्यात कामाला. कळा सुरू झाल्या की मी पोचेपर्यंत चार पाच तास जाणार. दवाखान्यात आत फक्त बाईमाणूस घेतात. म्हणजे सासूबाई. मग मी काय शिकून करू?

लेबररूम_सिस्टर
तुम्ही शिका आणि सासूबाईंना शिकवा. माकडहाडाच्या थोडं वर, कमरेखाली जे सपाट हाड लागतं तिथे तळहात ठेवून कळ सुरू झाली की दाबायचं, कळ संपली की सोडायचं. बोटांनी नाही, तळहाताने, आणि हात सरळ ठेवून अंगाचा भार द्यायचा नाहीतर त्यांचेच हात भरून येतील. कुठे बरं वाटतं ते बायकोलाच विचारून नक्की करा. "जोर लाव" हा शब्द सिस्टर किंवा डॉक्टर म्हणेपर्यंत तोंडातून काढायचा नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगा. कळा पाच पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या, तासभर येत राहिल्या की निघायचं. पाणमोट फुटली, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता लगेच.

मिरजेचा_जावई
शनिवारी सकाळच्या गाडीने जातोय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या वेळेस हे कुणी सांगितलं नाही, ये आणि दाखव.