मदत हवी आहे: लहान खोलीत एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) रंगवायचंय, तर स्प्रे बूथचा (उडालेला रंग ओढून घेणारी पंख्याची पेटी) पाइप आणि पंखा कसा निवडावा?

१/७२ स्केलची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) मॉडेल विमानं रंगवतो. एअरब्रश ग्रॅव्हिटी फीड (रंगाची वाटी वर), ड्युअल ॲक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही), ०.३ मिमी नोझलचा. टाकीवाला कॉम्प्रेसर, दाब ठरवणारा रेग्युलेटर, हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप सगळं आहे. अडलंय ते खोलीतल्या हवेवर.

खोली लहान, खिडकी एकच, टेबलापासून दोन मीटरवर. घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला भोक पाडता येणार नाही. शेजारच्या खोलीत लहान मूल झोपतं. सध्या पाण्यावरचे ॲक्रिलिक रंगच वापरतो, १५ ते २० पीएसआय दाबावर. खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावून पाहिला. वास जातो, पण काळ्या प्रायमरची (रंगाआधीच्या थराची) भुकटी दिव्याच्या शेडवर बसतेच. बोट फिरवलं की काळं. मास्क ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (वाफ शोषणारं) आणि पार्टिक्युलेट फिल्टरवाला (कण अडवणारा) आहे आणि तो लावतोच, तेव्हा 'मास्क घाला' एवढंच सांगू नका!

पुढे मेटॅलिक फिनिशसाठी लॅकर (सॉल्व्हंटवरचे) रंग वापरायचेत. साधा फिल्टरवाला बूथ कण अडवतो, वाफ नाही, म्हणून हवा बाहेर टाकणाराच बूथ घेणार. दोन मीटरचा लवचिक पाइप खिडकीत बसवलेल्या फळीतून बाहेर काढला तर पंख्याची ओढ किती कमी होते? जास्त व्यासाचा पाइप घेऊन ते भरून निघतं का? आणि लॅकरची वाफ ज्वलनशील असते, तर मोटर हवेच्या वाटेतच असलेला साधा एक्झॉस्ट फॅन चालेल, की ब्रशलेस (कार्बन ब्रशच्या ठिणग्या नसलेली) किंवा वाटेबाहेरची मोटरच हवी?