कांडप गिरणी आणि चटणीचा धंदा: बाई बारमाही ठेवावी की सीझनपुरतीच?

कांडपवाली, कराड

नमस्कार. कराडजवळ आमची मसाला कांडप गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि मिस्टर बघतो. कुटायला दोन डंक, दळायला एक पल्व्हरायझर, भाजायला मोठ्या कढया. फेब्रुवारी ते मे लोकांच्या वर्षाच्या चटण्या होतात, तेव्हा उजाडायच्या आत डबे रांगेला लागतात. जूनमध्ये पाऊस धरला की मिरची सादळते आणि डंक जवळजवळ बंद. हे पहिल्यापासूनचंच आहे, त्याचं काही वाटत नाही.

खरा प्रश्न चटणीचा आहे. काही वर्षांपासून मी तयार कांदा-लसूण चटणी विकते. रंगाला ब्याडगी, तिखटाला गडहिंग्लज बाजारातली संकेश्वरी, खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजून, सगळं डंकावर कुटलेलं. पुण्या-ठाण्याला गेलेली आपल्याकडची माणसं व्हॉट्सॲपवर मागवतात. किलोला ६६० रुपये घेते, कुरिअर गिऱ्हाईक वेगळं देतं. माल, पाकीट, वीज जाऊन किलोमागे १८० उरतात. वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ९० किलो जाते. दिवाळीला जास्त, जुलै-ऑगस्टला मात्र ६० वर येते.

सीझनला तीन बायका हजेरीवर असतात. देठं काढणं, भाजणं, चाळणं ही त्यांची कामं. त्यातल्या एकीचा भाजण्याचा हात असा आहे की तिच्या कढईतली मिरची कधी करपली नाही आणि कधी कच्ची राहिली नाही. जून लागला की ती भांगलणीला जाते. आता शेजारच्या गावात कुणी मसाल्याचं युनिट टाकतंय आणि तिला विचारणा झाल्याचं कानावर आलं. शिवाय पुण्यातला एक दुकानदार महिन्याला ४० किलो मागतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण आहेत त्याच ऑर्डरी आठ-आठ दिवस मागे पडतात.

तिला महिन्याला १३ हजारांवर बारमाही ठेवावं असं मला वाटतं. मिस्टर म्हणतात, पावसाळ्यात तिला काय काम देणार? सासूबाई म्हणतात, आपण दोघी आहोत की. ज्यांनी स्वतः धंद्यात माणसं ठेवली आहेत त्यांनी सांगावं.

भोसरीवाला

ताई, माझं छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क. मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे. आमच्या लाईनला कंपनीचं शेड्यूल दोन महिने चढलं की लोक माणूस घेतात, तिसऱ्या महिन्यात शेड्यूल खाली येतं आणि पगार मात्र तसाच उभा राहतो. माल पडून राहिला तर पुढे विकता येतो, पगाराचा महिना गेला की गेला.

माणूस घ्यायच्या आधी काम नक्की कुठे तुंबतंय ते बघा. आठवडाभर एक वही डंकाजवळ ठेवा आणि निवडणे, भाजणे, कुटणे, वजन-पाकीट, फोन-कुरिअर यांत कुणाचे किती तास गेले ते मांडा. मला शंका आहे की तुमच्या ऑर्डरी भाजण्यामुळे नाही, पाकिटं भरण्यात आणि रात्रीच्या मेसेजमध्ये अडकतायत. तसं असेल तर पाकिटं बंद करायचं मशीन, बँड सीलर घ्या, वजनाचा चांगला काटा घ्या. मशीन जुलैत पगार मागत नाही.

पोळीभाजी केंद्र, डोंबिवली

कराडच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे सात जणी आहेत. आमच्याही धंद्यात चढ-उतार असतो. मे महिन्यात निम्मी डोंबिवली गावाला जाते आणि डबे खाली येतात. गणपतीला उलट, एका सकाळी मोदकांना हात पुरत नाहीत. तरी आमचं चालतं, कारण कुणाला कशावर पैसे द्यायचे हे आम्ही कामाच्या जातीवरून ठरवलं आहे. पोळ्या लाटणाऱ्यांना नगावर. पोळी मोजता येते आणि एक जण आली नाही तर दुसरी लाटते. भाजी-आमटी करणारी मात्र महिन्याच्या पगारावर, मे असो की गणपती. केंद्राची चव तिच्या हातात आहे. ती गेली तर गिऱ्हाईक चार दिवसांत ओळखतं आणि आठव्या दिवशी दुसरा डबा लावतं.

तुमच्याकडे देठं काढणं हे मोजता येणारं काम आहे. ते किलोवर द्या, घरी नेऊन करू द्या, बायकांनाही सोयीचं पडतं. पाकिटं भरायला कॉलेजची मुलगी संध्याकाळी दोन तास येऊ शकते. पण भाजणं वेगळं. तुम्ही स्वतः लिहिलंय की तिच्या कढईतली मिरची करपत नाही. तुमच्या चटणीची ओळख तीच आहे. तिला हजेरीवर ठेवून दर जूनला सोडून द्यायचं आणि फेब्रुवारीत परत येईल असं धरून चालायचं, हे मला धोक्याचं वाटतं. भोसरीच्या दादांचं म्हणणं लेथला लागू असेल. तिथे ड्रॉइंग असतं, माप असतं, दुसरा टर्नर त्याच मापाचा पार्ट काढतो. भाजण्याचं ड्रॉइंग नसतं.

आता हिशोब, कारण नुसत्या मायेने पगार निघत नाही.

१३ हजार आणि दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे वर्षाचे तेरा पगार, १,६९,००० रुपये. तुमची वर्षाची विक्री १,०८० किलो. १८० प्रमाणे १,९४,४०० उरतात. तिचा पगार देऊन वर्षाला २५,४०० राहतात, आणि जुलैत ६० किलोचे १०,८०० येणार, त्यात पगारही बसत नाही. हा आकडा बघून मिस्टर नाही म्हणत असतील तर त्यांचं चुकत नाही.

पण ताई, या १८० मध्ये तुमची मजुरी कुठे आहे? सासूबाईंची कुठे आहे? घरच्या बाईचं काम फुकट धरून काढलेला भाव हा खरा भाव नसतो. आपल्याकडे बहुतेक घरगुती धंदे इथेच अडकतात. दोघी राबतात तोवर धंदा स्वस्तात चालल्यासारखा दिसतो, आणि पहिला बाहेरचा माणूस घ्यायची वेळ आली की कळतं की भावात माणसाला जागाच ठेवलेली नाही. सासूबाई किती वर्षं कढईपुढे बसणार? त्यांचे गुडघे, त्यांचे डोळे, मिरचीची खाट. ते कोणत्याही हिशोबात येत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

किलोमागे ६० रुपये वाढवा, ७२० करा. मग २४० उरतात. जुलैच्या ६० किलोचे १४,४०० होतात. सगळ्यात पडलेल्या महिन्यातही तिचा पगार चटणीतूनच निघतो. मी माणूस ठेवताना हेच बघते. चांगला महिना बघून कधीच ठरवत नाही. दिवाळीतल्या विक्रीवर कुणालाही नोकरी देता येते, श्रावणात तिला तोंड दाखवायचं असतं.

आणि एक करा. मे संपला की कांडपाच्या कमाईतून तिचे सहा पगार, म्हणजे ७८ हजार, वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. एखादा पावसाळा अगदीच कोरडा गेला तरी तिचा पगार अडणार नाही.

पुण्याच्या दुकानदाराचे ४० किलो मी या हिशोबात मुद्दाम धरलेले नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर माणूस घ्यायचा नसतो. त्यात तो सांगेल त्या कमी भावात द्यावं लागेल आणि पैसे उधारीवर राहतील.

हिशोबनीस, सांगली

कायद्याचं थोडं सांगतो. एकच बाई ठेवल्याने तुमच्यावर मोठा बोजा पडत नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, साधारण दहा माणसांपासून लागू होतं, आणि तेव्हा २१ हजारांपर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के व कामगाराचे ०.७५ टक्के. प्रॉव्हिडंट फंड वीस माणसांपासून. व्यवसाय करात महिलांना २५ हजार पगारापर्यंत महाराष्ट्रात सूट आहे, त्यामुळे तिच्या पगारातून काही कापायचं नाही. सीझनला हजेरीवर येणाऱ्या बायकाही डोकी मोजताना धरल्या जातात, हे मात्र विसरू नका.

नियुक्तीपत्र द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी पत्र देणं आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. १३ हजार ठरवण्याआधी तुमच्या उद्योगाचं आणि परिमंडळाचं किमान वेतन बघून घ्या. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.

दुकानदाराबद्दल: उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी करा. सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, म्हणून हल्ली व्यापारी याला बिचकतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

सीलर किंवा मोठी भाजणी मशीन घ्यायची झाली तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. योजना अजून चालू आहे का ते साताऱ्यात जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

कांडपवाली, कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. भोसरीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे वही ठेवली. दादांचं निम्मं खरं निघालं. सगळ्यात जास्त वेळ पाकिटं आणि फोनमध्येच जातो. पण दुसरी गोष्टही दिसली. भाजायला मी बसते त्या दिवशी पाकिटं आणि फोन दोन्ही थांबतात. ती असती तर मी कढईपुढे बसलेच नसते.

डोंबिवलीच्या ताईंचा हिशोब मिस्टरांना वाचून दाखवला. आमच्या मजुरीचं वाक्य ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, भाव वाढवू.

दोन शंका राहिल्या. सासूबाईंना भीती आहे की बारमाही माणूस ठेवला तर आपलं मसाल्याचं प्रमाण बाहेर जाईल. आणि ६० रुपये एकदम वाढवले तर जुनी गिऱ्हाइकं काय म्हणतील?

पोळीभाजी केंद्र, डोंबिवली

प्रमाणाचं: गरम मसाल्याचं वजन सासूबाईंनीच करावं. लवंग, दालचिनी, दगडफूल वगैरे त्यांनी मोजून डब्यात घालून द्यायचं, तिने भाजायचं. आमच्या गोड्या मसाल्याचं असंच चालतं. त्यांचा मानही राहतो आणि कढईपुढून सुटकाही होते. मात्र भाजणं त्या एकीकडेच ठेवू नका, सीझनला येणाऱ्या दुसऱ्या एखादीला तिच्याजवळ बसवून शिकवा. पहिली आजारी पडली तर धंदा बंद पडता कामा नये.

भावाचं: चालू मालाला हात लावू नका. मार्चमध्ये नवी मिरची आली की नव्या कुटणीला नवा भाव लावा. मिरची आणि खोबऱ्याचे दर लोकांना माहीत असतात, त्या वेळी कुणी वाद घालत नाही. पाव किलोचं पाकीट १६५ चं १८० होईल. पंधरा रुपयांसाठी तुमची चव सोडणारं गिऱ्हाईक फार थोडं असेल.

पण एक विचारू? एवढी चर्चा झाली, तिला स्वतःला विचारलंत का? तिची स्वतःची शेती असेल, पेरणीला घरी राहावं लागत असेल. बारा महिने यायला तिला जमणार आहे का, किती पैशांत जमणार आहे, हे तिच्या तोंडून ऐका. शेजारच्या युनिटवाल्याने विचारलं असेल तर त्याने काय देऊ केलंय तेही ती सांगेल.

कांडपवाली, कराड

काल विचारलं. पाऊण एकर आहे त्यांची, पेरणीच्या वेळी पंधरा दिवस आणि पंचमीला माहेरी जायला चार दिवस सुट्टी हवी म्हणाली. बाकी वर्षभर येते. पगारापेक्षा तिची दुसरी मागणी पक्की होती: पैसे थेट तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचे, घरी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. दोन्ही गोष्टी नियुक्तीपत्रात लिहिणार आहे. पावसाळ्यात कढई रोज लागणार नाही, त्या दिवशी तिने पाकिटांचं वजन आणि सील बघायचं, हे तिला चाललं.

दुकानदाराला सध्या १५ किलो देते म्हटलंय, रोखीत. हिशोबनीस काका, नियुक्तीपत्राचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर इथे टाकाल का?