विषयप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी मदत हवी आहे (माध्यमिक शाळा, राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत पर्यवेक्षिका आहे. आमच्याकडे प्रत्येक विषयाला विषयप्रमुख आहे, पण वार्षिक नियोजन गोळा करायचं, प्रश्नपत्रिका वेळेत काढून घ्यायच्या आणि फाइल सहीला ठेवायची, इथेच त्याचं काम संपतं. पद सेवाज्येष्ठतेने मिळतं. त्यासाठी वेगळी तयारी कुणी करून घेत नाही.

यंदा पहिल्या घटक चाचणीनंतर गणितप्रमुखांनी आठवीच्या दोन्ही तुकड्यांचे पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एका तुकडीत बऱ्याच मुलांनी 'ए अधिक बी'चा वर्ग म्हणजे नुसतं 'ए वर्ग अधिक बी वर्ग' लिहिलं होतं, मधलं 'दोन एबी' गायब! दुसरीत ही चूक क्वचितच दिसली. तिथल्या बाईंनी उजळणी घेताना फळ्यावर चौरस काढून त्याचे चार भाग करून दाखवले होते. सरांनी दोघांना स्टाफरूममध्ये बसवलं, बाईंकडून तो चौरस समजून घेतला आणि पहिल्या तुकडीत तो तास पुन्हा झाला. शाळा सुधारते ती अशानेच, असं मला मनापासून वाटतं. पण हे सरांना आपणहून सुचलं. बाकीच्या प्रमुखांना ते शिकायला कुठे मिळणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सुचवलंय. आमचे शिक्षक 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणीचं, 24 वर्षांनी निवडश्रेणीचं प्रशिक्षण घेतात, 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्सही करतात. सहकाऱ्याचा तास पाहून त्याच्याशी नीट बोलायचा सराव मात्र कुणालाच नाही.

अडचणी दोन. सगळ्यांच्या तासिका भरलेल्या, आणि शाळा सुटली की एसटी गाठायची घाई, त्यामुळे एकत्र बसायला वेळ नाही. दुसरी जास्त अवघड आहे. विज्ञानप्रमुख वयाने लहान आहेत, त्यांना ज्येष्ठ सरांनी तोंडावर सांगितलं, "तू काय माझा तास तपासणार?" तेव्हापासून त्या कुणाच्याच वर्गात जात नाहीत.

कुणी वेळापत्रकात विषय समितीसाठी सामाईक तासिका बसवली आहे का? कशी? रत्नागिरीच्या डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) शाळेने स्वतः मागणी करून असं प्रशिक्षण मिळवता येतं का? आणि पाठ निरीक्षण म्हणजे तपासणी नव्हे, हे ज्येष्ठांच्या गळी कसं उतरवलंत? तुमच्याकडचा निरीक्षणाचा नमुना असेल तर कृपया द्या. गणपतीची सुट्टी संपली की सुरुवात करायची आहे.