बंदराची वेबसाइट पाडली गेली, तर केळीचा कंटेनर अडकतो का?

प्रश्न (सावदा, जि. जळगाव)
नमस्कार मंडळी. आमच्या गटाची केळी न्हावा-शेवा बंदरातून आखातात जाते. राजकीय कारणांवरून बंदरांच्या आणि विमानतळांच्या वेबसाइट पाडल्या जात असल्याचे अलीकडे सतत वाचनात येते. आपल्या बंदरावर अशी वेळ आली, तर वाटेत असलेल्या मालाचे काय होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भुसावळ)
दादा, वेबसाइट पाडणे वेगळे आणि बंदराचे कामकाज बंद पाडणे वेगळे. ऑक्टोबर 2022 मध्ये किलनेट या रशियाधार्जिण्या गटाने अटलांटा, लॉस एंजेलिस अशा अमेरिकी विमानतळांच्या वेबसाइटवर बनावट विनंत्यांचा असा मारा केला की त्या काही काळ उघडेनात. विमाने मात्र उडत राहिली. जून 2023 मध्ये रॉटरडॅमसह काही डच बंदरांच्या वेबसाइटवरही असाच हल्ला झाला. युक्रेनला मदत करणाऱ्या देशांत घबराट पसरावी आणि त्याची बातमी व्हावी, हाच यामागचा मुख्य हेतू असतो.

उत्तर (उरण, मूळचा शहाद्याचा, कस्टम एजंटकडे नोकरी)
वरील माहिती बरोबर आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहणे मला धोक्याचे वाटते. जून 2017 मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सोडलेला नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला आणि त्यांच्याच समूहाचे न्हावा-शेव्याचे टर्मिनल ठप्प झाले. भांडण तिकडचे, पण कंटेनर इथे रांगेत उभे राहिले! शिवाय आता फॉर्म 13 (निर्यातीचा कंटेनर बंदरात आत नेण्याचा कागद) ऑनलाइनच निघतो, आणि तो नसेल तर ट्रेलरला गेटमधून आत घेत नाहीत. म्हणजे ज्या पोर्टलवरून तो निघतो, तेच पाडले गेले, तर क्रेन सुस्थितीत असूनही माल बाहेरच राहील.

प्रश्नकर्ता
मग कापणी थांबवावी का?

उत्तर (उरण)
नुसत्या बातमीवरून थांबवू नका. मात्र गेट सुरू असल्याची खात्री एजंटकडून फोनवर करून घेतल्याशिवाय घड उतरवू नका. झाडावरचा घड दोन-चार दिवस थांबू शकतो, पण पेटीत भरलेल्या फण्यांना साधारण 13 अंश तापमान अखंड लागते. ट्रेलरचा जेनसेट (कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर) आणि त्याचे डिझेल वाढीव मुक्कामाला पुरेल, एवढी सोय वाहतूकदाराकडून आधीच लेखी ठरवून घ्या.