हॅलोवीनचं भुताटकी डिप, गोव्याच्या स्वयंपाकघरातून : तुमचे अनुभव सांगा

दिवाळीला जाळलेल्या नरकासुराची राख झाडून होते न होते तोच आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर विचारणा सुरू होते, "३१ तारखेला कोण काय आणतंय?" केक नि कुकीज लोक बेकरीतून उचलतात, कोल्ड्रिंकची जबाबदारी पुरुषमंडळी आनंदाने घेतात. मधल्या टेबलावरचं डिप मात्र कुणातरी एकीच्या (किंवा एकाच्या) गळ्यात पडतं. ते दिसायला भीतिदायक हवं, चवीला बरं हवं, आणि ऑक्टोबरच्या घामट संध्याकाळी दोन तास तग धरून राहायला हवं. परदेशी व्हिडिओंत सावर क्रीम, क्रीम चीज, ऑलिव्ह असा सगळा थाट असतो. आपल्याकडे पोई (कोंड्याचा पाव) आहे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आहे, रेशाद (लाल, तिखट-आंबट) मसाला आहे.

तेव्हा तुम्ही काय केलंत, कशात केलंत, पोरांनी खाल्लं की नुसते फोटो काढून पळाली, ते लिहा. नुसत्या लिंका नकोत, हाताने केलेलं सांगा.

सुरुवात मीच करते. माझं ठरलेलं म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं डिप. खाली राजम्याचा थर: मऊ शिजवलेला राजमा, लसूण, जिरं आणि चमचाभर रेशाद मसाला परतून, सगळं घट्ट वाटायचं. पसरट काचेच्या ताटलीत सुरीने अगदी सपाट करायचं. वर चक्का, जरासं दूध घालून धार धरेल इतपत सैल केलेला. तो धुतलेल्या दुधाच्या पिशवीत भरायचा आणि कोपरा सुईच्या जाडीइतका कापायचा. आतून बाहेर चार-पाच वर्तुळं काढली की टूथपिक मधोमध टेकवून काठापर्यंत ओढायची, आणि दर रेघेनंतर पुसायची. पुसली नाही तर तपकिरी ओरखडे उमटतात आणि जाळं न दिसता संध्याकाळी सहाचा मांडवी पूल दिसतो.

ताळगाव, दोन उनाड मुलांची आई

२०२४ ला नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती, आठवतंय? पहाटे नरकासुर जाळला, तुळशीपाशी कारीट फोडलं, रोसातले फोव, ताकातले फोव, बटाट फोव असं सगळं हादडून झालं, आणि संध्याकाळी सातला बिल्डिंगच्या हॉलमध्ये हॅलोवीन! पोरं रात्रभर जागलेली, डोळे लाल, मेकअपची गरजच नव्हती. त्यांनीच फर्मान काढलं, "भोपळ्याचं तोंड नको. नरकासुराचं कर."

केलं. काबुली चण्यांचा हमस, पण ताहिनीसाठी (तिळाच्या पेस्टसाठी) पांढऱ्याऐवजी काळे तीळ. तीळ मंद आचेवर भाजायचे. ते करपलेले डोळ्यांना कळत नाही (काळेच ना!), त्यामुळे नाक उघडं ठेवायचं आणि तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. थोडं तेल घालून चटणीच्या भांड्यात वाटत राहिलं की चकचकीत काळी पेस्ट होते. हमसमध्ये घातल्यावर रंग काळा येत नाही, गडद राखाडी येतो. नरकासुराला तो शोभतोच. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे टाकले तर पोत हलका होतो.

मोठ्या परातीत चेहरा पसरला. डोळे मुळ्याच्या चकत्यांचे, बुबुळं मिऱ्यांची. जीभ म्हणजे गॅसवर भाजून सोललेली लाल सिमला मिरची, लांबलचक, पार हनुवटीच्या खाली लोंबणारी. मिशी तळलेल्या कढीपत्त्याची, मुकुट पिवळ्या सिमला मिरचीचा. आणि सुळे ओल्या खोबऱ्याच्या कातळ्यांचे, तिरके कापून आत खोचलेले.

सासूबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "बाये, हें खावपाचें काय पळोवपाचें?" मी खायचंच म्हटल्यावर त्यांनी आधी एक सुळा उपटला, डिपमध्ये बुडवून खाल्ला, मग दुसरा. पाहुणे येईपर्यंत नरकासुर बोळका झाला होता. आता आमच्याकडे कातळ्यांची वेगळी वाटी भरून ठेवतात, कारण पोई संपायच्या आधी त्या संपतात.

फोंडा, औषधाच्या दुकानात बसणारा

काळ्या रंगावरून आठवलं. पार्ट्यांसाठी म्हणून अॅक्टिव्हेटेड चारकोलच्या गोळ्या मागायला लोक येतात, कुटून डिपमध्ये घालायला. कृपा करून घालू नका. विषबाधेत तो देतात तो याचसाठी, की पोटातलं औषध स्वतःला चिकटवून घेतो. म्हणजे आजोबांनी रक्तदाबाची गोळी घेऊन वर तुमचं काळं डिप चापलं, तर गोळीचं काम अर्धवट होऊ शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. चारकोलला चव नाही, पोषण नाही. काळे तीळ उत्तम. ताळगावच्या ताईंना माझं मत.

मडगाव, मासळीबाजाराशिवाय आठवडा न जाणारा

काळ्याकुट्ट रंगाला तीळ काय कामाचे! माणक्यांची (म्हणजे स्क्विडची) शाई वापरा. माणकी साफ करताना आतड्यांजवळ एक बारीक, लांबट, चंदेरी झाक असलेली पिशवी दिसते. बाजारात साफ करून घेतलीत तर ती टाकून देतात, म्हणून घरी आणून स्वतः साफ करायची. पिशवी बोटांनी ओढू नका, कात्रीने देठाशी कापा आणि वाटीत चमचाभर व्हिनेगर-पाणी घेऊन त्यात फोडा. चार-पाच माणक्यांची शाई एक वाटी लसणाच्या मेयोनीजला पुरते. चवीला खारट, थोडी समुद्राची. मीठ शेवटी, चाखून.

सोबत त्याच माणक्यांच्या चकत्या, रव्यात घोळवून तळलेल्या. शिंपल्या-माणक्यांची अॅलर्जी असणाऱ्यांना आधी सांगा, काळ्या डिपमध्ये काय आहे ते बघून ओळखता येत नाही. आणि हो, दात काळे होतात. तीच तर मजा.

डिचोली

आपल्याकडे आग्या वेताळ, देवचार, राखणदार, सगळे आहेत. मग हे बाहेरचं भूत कशाला? आम्ही करत नाही.

हळदोणे, भाड्याच्या घरात

डिचोलीकर, तुमचं तुमच्यापाशी. पण या दिवसांचा इथल्या घरांशी काहीच संबंध नाही असं नाही. १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. हॅलोवीन हे नावच मुळात संतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळचं. माझी घरमालकीण दरवर्षी २ तारखेला फुलं आणि मेणबत्त्या घेऊन सिमितेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत) जाते.

मी स्मशानाचं डिप करणार होतो, ते नेटवर सर्रास दिसतं: तपकिरी थर, वर बिस्किटांचे थडग्याचे दगड. तिला आधी दाखवलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली की दगडांवर क्रूस आणि नावं काढू नकोस, परवाच आम्ही खऱ्या दगडांपाशी उभे राहणार. पटलं. मग त्याचा चिखलाचा खाजण (खाडीकाठची खारी जमीन) केला, आणि मला तो जास्त आवडतो.

चिखल म्हणजे आळसांद्यांचं (चवळीच्या जातीचं कडधान्य) टोणक, म्हणजे दाट रस्सा. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरी असा नेहमीचाच मसाला, फक्त रस आटवायचा आणि आळसांदे अर्धे मॅश करायचे, म्हणजे डिप घट्ट पण दाणेदार राहतं. रंग हुबेहूब भरतीनंतरच्या चिखलाचा. त्यातून वर आलेले हात पोईचे: कात्रीने पाच बोटं कापायची, तूप लावून तव्यावर कडक करायची आणि उभी रोवायची. मालकीणबाईंनी दोन हात नेले घरी.

सत्तरी, रसायनशास्त्र शिकवणारी

रक्ताबद्दल कुणीच बोललं नाही अजून! बाटलीतला लाल रंग कशाला, आगळ आहे ना. एक वाटी आगळात अर्धी वाटी पाणी, थोडा गूळ, आणि पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून एक उकळी. गार झालं की चमच्यावरून जाड थेंब पडतो आणि वाडग्याच्या कडेवर ओघळ जिथल्या तिथे थांबतो. आगळ खारट असतो, तेव्हा खालच्या डिपमध्ये मीठ जवळजवळ नकोच.

आता शिकवणीतलं थोडं. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो आंबटपणावर अवलंबून असतो. दह्यावर ओतला तर छान लाल-गुलाबी राहतो. पण काबुली चणे सोडा घालून शिजवले असतील आणि नीट धुतले नसतील, तर जिथे रक्त हमसला टेकतं तिथे निळसर-करडी कडा येते. झोंबीच्या रक्ताला ते चालेल, व्हॅम्पायरच्या नाही. बिटाचा रंग वेगळ्या जातीचा, तो असा पटकन बदलत नाही, मात्र फार शिजवलं की तपकिरी पडतो. म्हणून बीट उकडून पूर्ण गार करायचं आणि मगच वाटायचं.

एका सहकाऱ्याने मागे कच्ची पपई कोरून तिचा कंदील केला आणि आत दह्याचं डिप भरलं. दिसायला झकास. तासाभरात डिप पातळ आणि कडू. पपईच्या चिकातलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं. पपई कोरायची तर कोरा, पण आत वाटी ठेवा.

म्हापसा

२०२५ चा ३१ ऑक्टोबर शुक्रवारीच होता, म्हणजे आमचा बाजाराचा दिवस! लहानसा अख्खा तांबडा भोपळा मिळाला. भोपळा विकणारी बाई एरवी फोडी करूनच देते, अख्खा मागितल्यावर तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

वरची टोपी कापून गर काढला. कुकरला लावला तर पाणी सुटतं, म्हणून ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण तास, कडा करपेपर्यंत. सोबत लसणाचा अख्खा गड्डा. मग चक्का, मिरी, किंचित गूळ आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर, अगदी थेंबभर. व्हिनेगर नसेल तर ते लहान बाळाचं जेवण लागतं, खरंच. वरून चोरीस (गोव्याचे मसालेदार पोर्क सॉसेज) परतून कुस्करलेले, आणि त्यांचं सुटलेलं केशरी तेल. भोपळ्याच्या डोळ्यांतून ते ओघळायला लागलं तेव्हा हॉलभर आरडाओरडा झाला. शाकाहारी मंडळींसाठी आधीच अर्धं बाजूला काढलं होतं.

वास्को

चिमुरड्यांची पार्टी असेल तर: ऑलिव्ह किंवा द्राक्षांचे कोळी करायचे तर उभे चिरून लहान तुकडे करा, अख्खे घशात अडकतात. टूथपिका टेबलावर ठेवू नका. शेंगदाणा नि तीळ कशात आहेत, ते कागदावर लिहून वाटीपुढे लावा.

पर्वरी, हॉटेलच्या किचनमधला

धागा काढणाऱ्या ताईंनी "दोन तास" लिहिलंय. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर दही, अंडं, मांस असलेलं काहीही बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि गोव्यात ऑक्टोबरच्या शेवटी बिनएसीच्या भरलेल्या हॉलमध्ये तेवढं सहज होतं. आम्ही काय करतो: एका मोठ्या वाडग्याऐवजी दोन छोटे. एक टेबलावर, बर्फाच्या परातीत बसवलेला, दुसरा फ्रीजमध्ये. पहिला संपला की उचलायचा, त्यातच भर घालायची नाही. सजावटीचं जाळं दोन्हींवर आधी काढलं तरी हरकत नाही. रक्ताचे ओघळ मात्र टेबलावर मांडतानाच, नाहीतर फ्रीजमधल्या ओलाव्याने पसरतात.

अॅव्होकाडोचं हिरवं डिप (आमच्या आजीचं बटरफ्रूट) काळं पडतं ते हवेने. बाठा मध्ये ठेवून काही होत नाही, लिंबू पिळा आणि प्लास्टिक थेट डिपच्या अंगाला चिकटवा, वाडग्याच्या तोंडाला नव्हे.

पोई संध्याकाळी पोदेर (पाववाला) आला की घ्या, आणि पाहुणे चपला काढत असताना भाजा. आधी भाजून ठेवली तर दमट हवेत तासाभरात चामडं होतं. काकणं (बांगडीच्या आकाराचे पाव) मात्र सकाळची असली तरी चालतात, ती मुळातच कडक. पोरांना बोटात अडकवून बुडवायला बरी पडतात.

पुन्हा ताळगाव

काफ्रियालचं (हिरव्या मसाल्यातलं गोव्याचं चिकन) डिप कुणी केलंय का? मी गेल्या खेपेला पळवाट काढली: काफ्रियालचा हिरवा मसाला थोड्या तेलात परतला, कारण कच्चं आलं-लसूण दह्यात उग्र लागतं. परतल्यावर हिरवा रंग मरतो, म्हणून मूठभर कोथिंबीर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, पिळून वाटली आणि चक्क्यात दोन्ही एकत्र केलं. रंग अगदी दलदलीतल्या भुताचा आला. त्यात उकडलेली लावेची अंडी अर्धी करून डोळे म्हणून बसवली. मिरच्या निम्म्याच घ्या, मुलं खाणार असतील तर एकच.