गोल्फ मैदानाची निगा राखणाऱ्यांच्या गटासाठी लोगो: त्यात नेमके काय दाखवावे?

प्रश्न : रेषाकार, पुणे

नमस्कार. मी पुण्यात ग्राफिक डिझाइनचे काम करतो. गोल्फ मैदानांची देखभाल कंत्राटाने करणाऱ्या एका लहान गटाने मला लोगो तयार करण्यास सांगितले आहे. गटातील बहुतेक जण पूर्वी अशाच मैदानांवर माळी म्हणून नोकरीस होते. ग्रीनची (होलभोवतीच्या अगदी आखूड हिरवळीची) कापणी, तण काढणे, पाणी देणे, बंकरमधील (मैदानावरील वाळूच्या खड्ड्यांतील) वाळू सारखी करणे आणि पावसाळ्यात बुरशीवर लक्ष ठेवणे ही त्यांची मुख्य कामे आहेत. लोगो टोपीवर, टी-शर्टच्या खिशाजवळ, टेम्पोच्या दारावर, बिलावर आणि व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवर वापरला जाणार आहे. गटाचे नाव देवनागरीत लिहायचे आहे आणि छपाईचा खर्च मर्यादित असल्याने दोनपेक्षा अधिक रंग परवडणार नाहीत.

मी तीन कच्चे आराखडे केले. पहिल्यात होलमध्ये, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्यात, रोवलेले निशाण व शेजारी चेंडू होता, दुसऱ्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन गोल्फ स्टिक आणि त्यांच्यामध्ये पान होते, तर तिसऱ्यात गवत कापण्याच्या यंत्राची बाह्याकृती होती. गटाच्या मुकादमांनी पहिले दोन पाहून सांगितले की हे खेळणाऱ्यांचे चिन्ह झाले, आमचे नाही. आणि तिसरे पाहून विचारले की आपण यंत्रांचे दुकान काढतो आहोत काय. त्यांचे म्हणणे मला पटले, परंतु पुढची दिशा सापडत नाही. मैदानाचे काम जवळून पाहिलेल्यांनी आणि लोगोचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : हरळी

मी अनेक वर्षे गोल्फ मैदानांच्या देखभालीचे काम पाहिले असून आता निवृत्त आहे. मुकादमांनी आपल्याला अगदी योग्य तेच सांगितले आहे. चेंडू आणि स्टिक ही खेळाडूची साधने आहेत. मैदान राखणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध येतो तो बहुधा त्यांनी केलेली नासधूस दुरुस्त करण्यापुरताच. म्हणून लोगोत खेळ न दाखवता कामाच्या खुणा दाखवाव्यात, असे मला वाटते. त्या खुणा कोणत्या, हे थोडे सविस्तर सांगतो.

सर्वांत प्रथम होल घ्या. बाहेरच्या माणसाला वाटते की तो कायमचा एका जागी असतो. प्रत्यक्षात ग्रीनवरील होलची जागा वारंवार, गजबजलेल्या मैदानावर तर रोज सकाळी, बदलली जाते, कारण त्याच्या भोवतीचे गवत पावलांनी दबून खराब होते. त्यासाठी होल कटर नावाचे हत्यार असते. वर आडवी मूठ, मध्ये दांडा आणि खाली धारदार कडेचे पोलादी नळकांडे, अशी त्याची रचना असते. नव्या जागी ते दाबून फिरवले की गवतासह मातीचा दंडगोल बाहेर येतो, ज्याला आम्ही प्लग म्हणतो. जुन्या होलमधील कप, म्हणजे आतले भांडे, आकड्याने उपसून नव्या होलमध्ये बसवतात आणि हा प्लग जुन्या खड्ड्यात घालून, दाबून, पाणी देतात. प्लग किंचित वर राहिला तर यंत्र त्याला खरवडून टाकते, खाली राहिला तर चेंडू तेथे वळतो. होलचा व्यास जगभर १०८ मिलिमीटर असतो. हे माप स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ संस्थेने १८९१ साली नियमात घातले. सांगायचे ते हे की ज्या वर्तुळाकडे खेळाडू केवळ लक्ष्य म्हणून पाहतो, ते वर्तुळ रोज कोणीतरी हाताने कापलेले असते.

दुसरी खूण म्हणजे कापणीचे पट्टे. गवताचा रंग एकच असतो. पाती पाहणाऱ्यापासून दूर झुकलेली असतील तर पट्टा फिका दिसतो आणि त्याच्याकडे झुकलेली असतील तर गडद. ग्रीनची कापणी साधारण तीन-चार मिलिमीटर उंचीवर होते आणि तिची दिशा दररोज बदलावी लागते, नाहीतर गवताला एकाच बाजूला कल पडतो व चेंडू त्या बाजूला ओढला जातो. आमच्याकडे ही दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगण्याची पद्धत होती: आज बारा-सहा, उद्या दोन-आठ, परवा दहा-चार. दोन दिशांचे पट्टे एकमेकांना छेदले की चौकटी दिसतात.

तिसरी गोष्ट गवताची. आपल्या हवामानात ग्रीनवर बहुतेक ठिकाणी असते ती हरळीच, म्हणजे तिच्या संकरित, बारीक पात्यांच्या जाती. ज्या हरळीला शेतकरी आयुष्यभर शिव्या देत खणून काढतो, तिला येथे तळहातावर जपतात, हा मला नेहमीच गमतीचा विषय वाटत आला आहे (माझे येथील टोपणनाव त्यावरूनच घेतलेले आहे). तिच्यात घुसणारा लव्हाळा मात्र येथेही शत्रूच असतो आणि तो काढण्यासाठी बायका खुरपी घेऊन ओळीने बसलेल्या दिसतात. आपल्या गटात अशा महिला असतील, तर लोगोत यंत्रावर बसलेला पुरुष दाखवणे अधिकच चुकीचे ठरेल.

माझी सूचना अशी की निशाण न दाखवता ग्रीन वरून पाहिल्यासारखी काढावी: पट्टे, एक भरीव वर्तुळ म्हणजे आजचा होल, आणि त्यापासून काही अंतरावर एक बारीक कडेचे वर्तुळ म्हणजे कालचा, बुजवलेला होल. ज्याने हे काम केले आहे तो माणूस ते पाहताक्षणी ओळखेल.

उत्तर : कोरा कागद, मुंबई

हरळी यांची कल्पना मला फार आवडली, पण ती कागदावर उतरवताना दोन अडचणी येतील. एकाच आकाराची दोन वर्तुळे शेजारी-शेजारी आली की माणसाला त्यांत डोळे दिसतात. त्यामुळे ती आडव्या रेषेत मुळीच ठेवू नका; एक खाली डावीकडे आणि दुसरे वर उजवीकडे, असे तिरके ठेवा आणि त्यांच्यातील अंतर एका वर्तुळाच्या व्यासापेक्षा बरेच जास्त असू द्या. दुसरे असे की अपरिचित माणसाला हे गोल्फचे मैदान आहे हे कळले पाहिजे. हरळी निशाण पूर्ण वगळू इच्छितात, तेथे माझे मत वेगळे आहे. निशाणही रोज मैदान राखणारेच रोवतात, मग ते खेळाडूंच्याच मालकीचे का मानावे? बाकीचे सर्व वरून पाहिलेले असताना भरीव वर्तुळातून एक लहानसे त्रिकोणी निशाण बाजूने पाहिल्यासारखे उभे केले, तरी डोळा ते स्वीकारतो. जुन्या नकाशांत जमीन वरून आणि झाडे समोरून काढलेली असत, त्याच रीतीने.

होल कटरची आकृती एकटी वापरण्याचा मोह होईल, कारण मूठ, दांडा आणि नळकांडे मिळून छान ठसठशीत आकार तयार होतो. मात्र गोल्फशी संबंध नसलेल्या दहा जणांना तो दाखवून पाहा. त्यांपैकी बरेच जण त्याला तुंबलेले बेसिन मोकळे करण्याचे साधन समजतील, अशी मला दाट शंका आहे.

बाह्य आकार वर्तुळच ठेवा, कारण व्हॉट्सॲप प्रोफाइलचे चित्र गोल कापते आणि चौकोनी लोगोचे कोपरे त्यात जातात. पट्टे पाच किंवा सातच ठेवा. त्याहून अधिक झाले तर लहान आकारात ते एकमेकांत मिसळून करडा डाग दिसू लागतो. पट्ट्यांना छटा देऊ नका. एक पट्टा रंगाचा, पुढचा कोरा, एवढेच करा. म्हणजे बिलावर काळ्या शाईतही लोगो तोच राहील. आरंभ काळ्या-पांढऱ्यातच करावा आणि रंग सर्वांत शेवटी भरावा.

नावाच्या अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हा फाँट पाहावा. तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने व्यावसायिक वापरासाठी शुल्क पडत नाही आणि त्याची जाडीची अनेक वजने मिळतात. चिन्हातील पट्ट्याची जाडी आणि शिरोरेषेची जाडी जुळवली, तर चिन्ह व नाव एका हाताचे वाटेल. आणखी एक सूचना: कालच्या होलच्या वर्तुळात पट्टे किंचित फिरवून काढावेत, म्हणजे तेथे मातीचा वेगळा तुकडा बसवला आहे हे लगेच लक्षात येईल.

उत्तर : सुईदोरा, सोलापूर

आमचा गणवेश शिवण्याचा आणि भरतकामाचा व्यवसाय आहे, म्हणून केवळ कापडापुरते लिहितो. टी-शर्टच्या खिशाजवळ लोगो साधारण आठ-नऊ सेंटिमीटर रुंद बसतो आणि टोपीच्या पुढच्या भागावर उंची पाच-साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नाही. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा दोऱ्याने नीट भरत नाही, त्यामुळे कालच्या होलची बारीक कड तेवढी तरी जाड ठेवा. देवनागरी अक्षरे सहा-सात मिलिमीटरपेक्षा लहान केली तर मात्रा आणि अनुस्वार यांचा गोळा होतो. टोपीवर नाव न टाकता केवळ चिन्ह टाकणे चांगले. विणलेल्या टी-शर्टवर पूर्ण भरीव गोल भरला की कापडाला चुण्या पडतात. आपल्या आराखड्यात एकाआड एक पट्टा कोरा राहणार असल्याने तो त्रास कमी होईल आणि टाके कमी झाल्याने दरही उतरेल. पंचिंगसाठी (लोगोचे टाक्यांत रूपांतर करण्यासाठी) आम्हाला व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी रेषा न फाटणारी) द्या; मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोवरून केलेल्या पंचिंगमध्ये वर्तुळे वर्तुळे राहत नाहीत. कामगारांची जाकिटे चमकदार पिवळी असतील, तर त्यांवर फिकट हिरवा रंग अजिबात दिसणार नाही. त्यासाठी गडद, एकरंगी आवृत्ती वेगळी ठेवावी.

उत्तर : उत्तरवारा, एडिंबरा

मी मूळची कोल्हापूरची, सध्या स्कॉटलंडमध्ये राहते. येथे मैदान राखणाऱ्याचे नाव निघाले की पहिले नाव येते ते ओल्ड टॉम मॉरिस यांचे. त्यांनी गोल्फची ओपन स्पर्धा एकूण चार वेळा जिंकली, तरी १८६० च्या दशकाच्या मध्यास सेंट अँड्र्यूजला परतल्यावर त्यांचे पद 'कीपर ऑफ द ग्रीन', म्हणजे मैदान राखणारा, असेच होते. ग्रीनवर वाळूचा पातळ थर पसरण्याची पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते आणि ती आजही जगभर चालू आहे. हे लिहिण्याचे कारण असे की आपल्याकडे दुसरा रंग निवडण्याचा प्रश्न येईल, तेव्हा सोनेरी किंवा आकाशी रंगाकडे न जाता वाळूचा रंग घ्यावा. बंकरमध्ये वाळू, ग्रीनवर पसरायला वाळू, खेळाडूंनी उडवलेल्या गवताच्या ढलप्यांच्या जागी भरायला वाळू. या व्यवसायात हिरव्याच्या बरोबरीने हाताळला जाणारा रंग तोच आहे. मॉरिस यांच्यासारख्या टोपीधारी, दाढीवाल्या म्हाताऱ्याचे चित्र मात्र पुण्यातील गटाने घेऊ नये, कारण त्या चित्राशी त्यांचा काहीही संबंध नाही.

रेषाकार, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार नवा आराखडा केला आहे: गोल चौकटीत सात तिरके पट्टे, खाली डावीकडे भरीव होल व लहान निशाण, वर उजवीकडे बारीक कडेचे वर्तुळ आणि त्यात थोडे फिरवलेले पट्टे. गटातील महिलांनी निशाण ठेवण्यास संमती दिली. आता दोन शंका आहेत. एक, कोरा कागद यांनी सुचवल्याप्रमाणे प्लगमधील पट्टे फिरवणे कामाच्या दृष्टीने योग्य आहे काय? दोन, लोगोची मालकी गटाकडे जावी यासाठी मी काय लिहून द्यावे?

उत्तर : कोरा कागद, मुंबई

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. आपण गटाचे नोकर नसून स्वतंत्रपणे काम करता, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा चित्राचे पहिले मालक सामान्यतः आपणच ठरता. गटाने पैसे दिले एवढ्याने हक्क आपोआप त्यांच्याकडे जात नाही. हस्तांतरण लेखी आणि आपल्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. ट्रेडमार्कची नोंदणी करायची झाल्यास बागकाम व हिरवळीची निगा या सेवा ४४ व्या वर्गात येतात. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती व लघुउद्योगांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये आहे. गटाची नोंदणी कोणत्या स्वरूपाची आहे हे आधी पाहून घ्या.

उत्तर : हरळी

पहिल्या शंकेबद्दल माझे मत ठाम आहे: पट्टे फिरवू नका. प्लग बसवताना गवताचा कल भोवतीच्या गवताशी जुळवणे हे चांगल्या कामगाराचे लक्षण आहे, आणि कल न जुळवता बसवलेला प्लग लांबूनही ठिगळासारखा उठून दिसतो. असा लोगो टेम्पोवर रंगवून आपला गट एखाद्या मैदानावर गेला, तर तेथील देखरेख करणारा माणूस मनात म्हणेल की या मंडळींनी आपले ढिसाळ काम दारावरच रंगवून आणले आहे. पट्टे कालच्या होलमधून सरळ, अखंड जाऊ द्या आणि त्यावर फक्त बारीक कड ठेवा. सुईदोरा यांनी सांगितलेली एक मिलिमीटरची मर्यादा त्या कडेला पाळावीच लागेल, पण टेम्पोच्या दारावर मोठ्या आकारात ती प्रमाणाने आणखी बारीक करता आली, तर अवश्य करावी. निशाणाबाबतचा आग्रह मी सोडतो. फक्त ते वाऱ्यावर फडकताना दाखवायचे असेल, तर पुण्याच्या मैदानांवर पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, तेव्हा आपल्या चित्रात वरची बाजू उत्तर धरली तर ते उजवीकडे फडकलेले बरे.