लॉन काढून रान वाढवायचं आहे, पण ‘निगा नाही’ अशी तक्रार येणार. आराखडा कसा करावा?

पानगळ (प्रश्न):
२ हेक्टरच्या एका जुन्या सार्वजनिक बागेचा आराखडा माझ्याकडे आलाय. आत्ता जवळपास सगळं लॉन, कडेला एकाच जातीची शोभेची झाडं आणि मधून सिमेंटचा नाला. मला तिथे थरांची लागवड हवी आहे: उंच झाडं, त्यांच्याखाली झुडपं, खाली उंच गवत आणि पालापाचोळा तसाच ठेवलेला. समितीतल्या एकांनी चित्रं बघताच विचारलं, ‘हे साफ कोण करणार?’ लोकांना कसं पटवायचं? आणि एवढ्याशा जागेत खरंच काही साधतं का?

मुरमाड:
झाडांची यादी नंतर. आधी चार-पाच ठिकाणी हातभर खोल खड्डे घ्या, पाणी भरा, जिरू द्या, मग परत भरा. दुसऱ्यांदा पाणी उतरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. जुन्या लॉनखालची माती लोकांच्या पायांनी आणि यंत्रांनी दाबली जाऊन घट्ट झालेली असते. मुळांना हवाच मिळत नाही आणि झाडं खुरटतात. पाणी हळू उतरलं तर ती आधी भुसभुशीत करून घ्या. बांधकामाच्या गाड्या कुठून जातील तेही नकाशात आखा, नाहीतर भुसभुशीत केलेली माती शेवटच्या आठवड्यात जेसीबीखाली जाईल.

कडेकपारी:
मी बागांची देखभाल बघते, म्हणून त्या सदस्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. गवत उंच दिसलं की लोकांना वाटतं, इकडे कुणी फिरकत नाही. जोन नासाउअर या अमेरिकी अभ्यासक महिलेने १९९५ मध्ये यावर फार नेमकं लिहिलं आहे. आतलं रान कितीही विस्कटलेलं असो, त्याची चौकट नीटनेटकी असली तर लोक ते आपलंसं करतात.

म्हणजे पायवाटेलगतची हातभर पट्टी नेमाने कापायची. ती रेघ सरळ हवी, किंवा मुद्दाम काढलेल्या वळणाची. अर्धवट कापलेली अजिबात नको. वाटेवर आलेली फांदी त्याच दिवशी छाटायची. बाक रानाकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे ते बघण्यासाठीच आहे हे न सांगता कळतं.

आता जे आराखड्यात कधीच नसतं ते सांगते. देखभालीचा करार वाचा. त्यात बहुतेक वेळा ‘संपूर्ण क्षेत्रातील गवत महिन्यातून दोनदा कापणे’ असं कलम असतं आणि ठेकेदाराला पैसे चौरस मीटरवर मिळतात. तुम्ही कितीही सुंदर गवताळ पट्टा आखा, बी धरायच्या आत तो भुईसपाट होणार. कापणाऱ्या माणसाचा यात काही दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. कुठला भाग केव्हा आणि किती उंचीवर कापायचा, कुठला पाचोळा उचलायचाच नाही, हे नकाशासकट करारात घाला. पाचोळा उचलून नेला की त्यातले किडे, कोष, अंडी सगळं जातं. मग पक्षी का येत नाहीत म्हणून आपणच विचारत बसतो. मला याची खरंच चीड येते.

बर्लिनचं झ्यूडगेलेंडे उद्यान बघा. १९५२ मध्ये तिथलं रेल्वेचं मालवाहतुकीचं यार्ड बंद पडलं, रुळांवर आपोआप रान माजलं आणि २००० मध्ये तेच लोकांसाठी खुलं झालं. काही भाग झाडांना मोकळा सोडला, काही भाग गवताळ राहावा म्हणून कापतात, चारतात. नाजूक भागातून उचललेली लोखंडी वाट जाते, त्यामुळे माती तुडवली जात नाही.

पानगळ:
कराराचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. नाल्याचं काय करू? सिंगापूरच्या बिशान उद्यानासारखं काही जमेल का?

ओलवाट:
बिशानमध्ये २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून सुमारे ३ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये. पण ते उद्यान ६२ हेक्टरचं आहे, पूर पसरायला तिथे जागा आहे. तुमच्याकडे नाला तसाच ठेवून शेजारी उथळ खोलगट भाग करा आणि पावसाचं पाणी आधी तिथे वळवा. ते दोन दिवसांत मुरलं पाहिजे. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे डासांची भीती राहत नाही. मुरमाड यांची खड्ड्यांची चाचणी इथेही लागेल.

२ हेक्टरांत काय साधतं? मॅकआर्थर आणि विल्सन या परिसंस्था-अभ्यासकांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जीवजातींबद्दल जे मांडलं, ते बागांना बऱ्याच अंशी लागू पडतं: क्षेत्रफळाइतकंच दुसऱ्या हिरव्या जागेपासूनचं अंतर महत्त्वाचं. तेव्हा नकाशा कुंपणाशी थांबवू नका. रस्त्याची झाडं, रेल्वेची कड, शाळेचं आवार, जवळचं जे हिरवं असेल ते त्यात दाखवा आणि त्या बाजूला दाट लागवड करा. फुलपाखरांसाठी नुसती फुलं लावून भागत नाही, अळीचं झाडही लागतं. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या झाडाखेरीज जवळपास काहीच खात नाही. दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुलं टाळा. पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मधमाश्यांना हाती फार थोडं लागतं.

कडेकपारी:
दिव्यांचंही आत्ताच ठरवा. खांब फक्त मुख्य वाटेवर, प्रकाश खाली पडणारा आणि पिवळसर. दाट भागात दिवा नको आणि रात्री वाटही नको. तिथलं फाटक संध्याकाळी बंद करा. अंधाऱ्या वाटेवरून एकट्या बाईला जावं लागलं, तर पहिल्याच तक्रारीला झुडपं छाटली जातील.